वरळीचा आखाडा : एका माहितीपटाच्या निमित्ताने

माहूरसारख्या ठिकाणी इतिहासावर बोलावयास कोणी उभे राहिले की ऐकणाऱ्यांचे डोळे आपोआप गडाकडे वळतात, हे आम्ही जाणतो. परंतु गडाच्या तटाबुरुजांवर बोलणारे आमच्याहून अधिकारी लोक या जिल्ह्यात आहेत. आम्ही आज ज्या आखाड्याविषयी बोलणार आहोत तो येथून फार दूर, मुंबईत वरळीला होता. त्याला तट नव्हता, चारी बाजूंनी नुसते दोर बांधलेले होते. किंगकाँग, दारासिंग, हमीदाबानू ही नावे तेथे गाजली आणि तो खेळ पुढे बंद पडला. आज त्या जागी त्याची खूण म्हणून काही उरलेली नाही.

हा विषय आम्ही का घेतला, ते आधी सांगितले पाहिजे. काही महिन्यांपूर्वी आमच्या नातवाने घरच्या टीव्हीवर या आखाड्यावरचा एक माहितीपट लावून दिला. त्याचे नाव आम्ही येथे घेत नाही, कारण आमचे गाऱ्हाणे एका चित्रपटाशी नसून इतिहास सांगण्याच्या एका रीतीशी आहे. ज्या गोष्टीची वाट आम्ही लहानपणापासून पाहत होतो ती अखेर पडद्यावर येणार, म्हणून आम्ही शेजारच्या दोन वृद्धांनाही बोलावून घेतले होते. तास-दीड तासाने चित्रपट संपला. कोणी काही बोलले नाही. आमच्यातले एक गृहस्थ एवढेच म्हणाले की, दिवा लावा. निराशा झाली हे उघड होते. पण ती कशामुळे, हे कळावयास आम्हांला पुढे बरेच दिवस लागले. तोच विचार आज आपणांपुढे ठेवतो.

आमचे चुलते मुंबईला गिरणीत साचेखात्यात होते. साठ सालानंतरच्या त्या काळात सुटीच्या दिवशी ते परळहून वरळीला कुस्त्या पाहावयास जात, आणि दिवाळीला घरी आले की त्या कुस्त्यांच्या जाहिरातींचे कागद ट्रंकेत घालून आणीत. त्या कागदांवर दोन मल्ल एकमेकांकडे डोळे वटारून पाहत असत. आम्ही पोरे ते कागद माजघराच्या भिंतीला चिकटवीत असू. चुलते रात्री अंगणात उभे राहून किंगकाँग कसा चालत येई, प्रेक्षक कसे ओरडत, दारासिंगांनी त्याला कसे उचलले, हे हातवारे करून दाखवीत. आणि आमचे आजोबा बाजेवर बसून ऐकत.

आजोबा आपल्या भागातल्या जत्रेच्या फडाचे पंच होते. कुस्ती म्हणजे काय, हे त्यांना शिकविण्याची गरज नव्हती. सगळे ऐकून झाल्यावर ते दोनच प्रश्न विचारीत. पहिला, पंच कोण होता? आणि दुसरा, पडलेल्याला काय दिले? चुलत्यांना पहिल्याचे उत्तर कसेबसे देता येई. दुसऱ्याचे उत्तर त्यांच्याकडे कधीच नसे.

आजोबांच्या या प्रश्नामागे आपल्याकडच्या फडाची सगळी व्यवस्था उभी होती. तरुण मंडळींसाठी ती थोडी उलगडून सांगतो. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आपण सर्वांनी पाहिली आहे. तेथली कुस्त्यांची दंगल मोठी. पण लहान गावाच्या जत्रेतला फडही त्याच नियमांनी चालत असे. दुपारी हलगी वाजू लागली की आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागत. मग नारळाच्या, मग पाच-दहा रुपयांच्या, आणि दिवस कलताना इनामाची मोठी जोड. जोड लावणे हेच खरे कौशल्य. अंगापिंडाने, वयाने आणि तयारीने सारखे असे दोघे निवडून त्यांचे हात एकमेकांच्या हाती द्यावयाचे, हे काम जाणत्या पंचाचे. विषम जोड लावली तर लोक पंचालाच धारेवर धरीत. पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली. दिवस मावळेपर्यंत निकाल न लागला तर ती बरोबरीत सोडवावयाची आणि इनाम अर्धे अर्धे करावयाचे. तिकीट नाही, वर्गणी गावाची.

या फडाची एक वही असे. जोड कोणाची, इनाम किती, निकाल काय, हे तिच्यात लिहीत. आमच्या आजोबांच्या वहीत चौथाही एक रकाना होता. त्यात पडलेल्या मल्लाला वाटखर्चासाठी आणि खुराकासाठी काय दिले, ते लिहिलेले असे. त्यांचे म्हणणे असे की, पडणारा गडीसुद्धा दहा कोस चालून आला आहे, सहा महिने दूध-बदाम खाऊन आला आहे. त्याला रिकाम्या हाताने लावून दिला तर पुढच्या वर्षी तो येणार नाही, आणि तो आला नाही तर जिंकणारा लढेल कोणाशी? हा हिशेब आम्हांला त्या वयात फारसा कळला नाही. माहितीपट पाहिल्यावर कळला.

आता वरळीकडे वळण्याआधी एका मोठ्या घटनेची आठवण करून दिली पाहिजे. जत्रेचा फड गावाच्या वर्गणीवर चाले, पण नामांकित मल्ल मात्र राजाश्रयावर वाढत. कोल्हापूरचे शाहू महाराज १९०२ साली विलायतेस गेले असता रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आले, आणि त्या धर्तीवर त्यांनी बांधविलेले खासबाग मैदान १९१२ साली सुरू झाले. पंजाबातले मल्ल कोल्हापुरात येऊन राहिले. पतियाळा, बडोदा येथेही मल्लांना दरबारी आधार असे. १९१० साली लंडनमध्ये गामा पहिलवान आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती अडीच तासांवर चालून बरोबरीत राहिली, आणि ठरलेल्या दुसऱ्या दिवशी झिबिस्को मैदानात आलाच नाही, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्याच दोघांची कुस्ती १९२८ साली पतियाळाच्या महाराजांनी पुन्हा लावली, आणि गामाने ती मिनिटाच्या आत निकाली काढली. पहिली कुस्ती तिकिटाची, दुसरी दरबाराची. स्वातंत्र्यानंतर संस्थाने गेली. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने हे इष्टच झाले. पण ज्या मल्लाचा खुराक दरबाराच्या कोठीतून येत होता त्याने उद्यापासून काय खावे, या प्रश्नाचे उत्तर विलीनीकरणाच्या कागदात नव्हते.

ते उत्तर काही अंशी वरळीने दिले. वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये ज्या कुस्त्या होत त्यांना लोक 'फ्री स्टाइल' म्हणत. मातीऐवजी उंच मंच, भोवती दोर, वर झगझगीत दिवे आणि दाराशी तिकीटघर. येथे राजा नव्हता आणि गावही नव्हते. होता तो ठेकेदार. तो परदेशातून मल्ल आणी, त्यांना भयंकर नावे देई, वर्तमानपत्रांतून आव्हाने छापवी, एका कुस्तीत दुसरीचे बीज पेरून ठेवी आणि सूडाची कुस्ती म्हणून पुढच्या तारखेचे तिकीट विके. किंगकाँग म्हणजे एमिल झाया, हंगेरीच्या बाजूचा, चारशे पौंडांच्या घरातला गडी. सिंगापूरला राहून तो आशियाभर कुस्त्या करीत हिंडे. अमृतसर जिल्ह्यातल्या धर्मूचक गावचे दारासिंगही तरुणपणी सिंगापूरलाच गेले आणि तेथेच या धंद्यात शिरले. १९५४ साली ते 'रुस्तम-ए-हिंद' झाले, १९५९ साली कलकत्त्यास राष्ट्रकुलाचे अजिंक्यपद त्यांनी घेतले आणि २९ मे १९६८ रोजी मुंबईत अमेरिकेच्या लू थेझ याला हरवून ते जगज्जेते ठरले. चुलते हातवारे करून दाखवीत ते दिवस हेच.

आता त्या माहितीपटाने यातले काय दाखविले? दारासिंग दाखविले. त्यांच्या बालपणापासून रामायण मालिकेतल्या हनुमानापर्यंत सगळे दाखविले. त्या थोर माणसाविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण आखाड्याचा इतिहास सांगतो म्हणून बसविले आणि एका मल्लाचे चरित्र ऐकविले, ही आमची पहिली तक्रार. रामायणात राम हवा हे खरे, पण समोर कोणी नसेल तर बाण सोडावयाचे कोणावर? किंगकाँग त्या चित्रपटात दोनदा पडतो आणि नाहीसा होतो. तो माणूस १९७० साली मोटार अपघातातील दुखापतींमुळे सिंगापुरात वारला, एवढेही त्यात सांगितलेले नाही. आणखी एक गोष्ट आम्हांला फार लागली. कुस्तीची म्हणून जी दृश्ये दाखविली त्यांतली कित्येक प्रत्यक्ष कुस्तीची नव्हतीच. दारासिंगांचा 'किंग काँग' हा चित्रपट १९६२ साली आला आणि 'फौलाद' १९६३ साली. अशा चित्रपटांतले तुकडे कापून ते वरळीचे म्हणून लावलेले होते. आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी ते पहिल्या झटक्यात ओळखले. खऱ्या कुस्त्यांचे चित्रण हाती नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे. त्यात कमीपणा कसला?

दुसरी तक्रार हमीदाबानूंबद्दल. अलीगढच्या या मल्ल बाईंना त्या चित्रपटात दोन मिनिटे मिळाली, आणि तीही गंमत म्हणून. मला कुस्तीत हरवील त्याच्याशी लग्न करीन, असे आव्हान त्यांनी १९५४ साली दिले होते. तेवढेच सांगून लोकांना हसविले. वास्तविक त्यांचा इतिहास हसण्याचा नाही. त्याच वर्षी बडोद्याला त्यांनी बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले, आणि मुंबईत व्हेरा चिस्टिलिन या रशियन मल्ल स्त्रीला मिनिटाच्या आत हरविले. पण कोल्हापुरात एका पुरुष मल्लाला हरविल्यावर लोकांनी त्यांच्यावर दगड टाकले, आणि पुण्यात ठरलेली त्यांची कुस्ती कुस्तीसंघाच्या विरोधामुळे रद्द करावी लागली. त्यांनी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर असे आले की, कुस्त्या थांबविल्या त्या बाई आहेत म्हणून नव्हे. ठेकेदार त्यांच्यासमोर लुटुपुटीचे मल्ल उभे करतात अशा तक्रारी आल्या म्हणून.

या उत्तराजवळ आपण क्षणभर थांबू. तक्रार ठेकेदाराची आणि बंदी बाईंवर! त्यांच्यासमोर कोण उभा करावयाचा हे त्यांच्या हाती होते काय? जोड लावणारा नामानिराळा राहिला आणि लढणारीची रोजी गेली. पुढे त्या कल्याणला राहिल्या, दुधाच्या धंद्यावर त्यांनी दिवस काढले आणि १९८६ साली त्या वारल्या. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तेव्हा अंतिम कुस्तीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीसमोर उभी होती ती कल्याणची वैष्णवी पाटील. हे वाचले तेव्हा आम्हांला त्या कल्याणच्या दूधवाल्या बाई आठवल्या. माहितीपट करणाऱ्यांना आठवल्या असत्या तर किती बरे झाले असते!

तिसरी तक्रार सर्वांत मोठी. चित्रपटाच्या शेवटी एक निवेदक येतो आणि मिस्कील हसून सांगतो की, हे सगळे आधीच ठरलेले असे. या नुरा कुस्त्या होत्या आणि बिचाऱ्या भोळ्या लोकांना ते ठाऊक नव्हते. संपला इतिहास! श्रोतेहो, आमचे चुलते भोळे नव्हते. साच्यावर बारा-बारा सूत तुटताना पाहणारा गिरणी कामगार काय ठरलेले आहे आणि काय नाही हे पुरते ओळखतो. ते स्वतःच सांगत की, अमुक कुस्तीत रंग भरलेला होता आणि तमुक कुस्तीत खरी ईर्षा होती. यावर परळच्या खोलीत रात्र रात्र वाद होत. तमाशातला राजा खरा नाही हे ठाऊक असूनही आपण त्याच्याबरोबर रडतो, तसेच हे. फ्रान्समध्ये रोलाँ बार्थ या लेखकाने १९५७ साली अशाच कुस्त्यांवर लिहिताना म्हटले आहे की, प्रेक्षक तेथे निकाल पाहावयास जात नाही. दुःख, पराभव आणि न्याय यांचे उघडे चित्र पाहावयास जातो. अमेरिकेत तर १९८९ साली कुस्तीच्या मोठ्या कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या कायदेमंडळापुढे आपणहून सांगितले की, हा खेळ नसून करमणूक आहे. आणि तसे सांगण्याचे कारण हे की सरकारी देखरेख आणि कर चुकावेत. म्हणजे तेथे खरे-खोटेपणाचा प्रश्नही अखेर जमाखर्चाशी येऊन थांबला.

वरळीच्या आखाड्याबाबत खरी की खोटी हा प्रश्न विचारू नये असे आम्ही म्हणत नाही. सरकारने तो विचारला होता आणि वस्तादांनीही विचारला होता. पण इतिहासकाराने तेथेच थांबू नये. निकाल ठरलेला असला तरी आठ फूट उंचीवरून पाठीवर पडणे काही ठरवून हलके होत नाही. हाडे खरीच मोडतात. म्हणून आमच्या आजोबांचा दुसरा प्रश्न आम्हांला पहिल्याहून मोठा वाटतो : पडलेल्याला काय दिले? तिकिटाचे पैसे कोठे गेले? ज्याचे नाव कागदावर लहान अक्षरांत छापले होते, तो त्या रात्री कोठे जेवला? माहितीपटाने यातले काहीच विचारले नाही.

कोणी म्हणेल, खोट्या कुस्तीच्या मल्लाची एवढी काळजी कशाला. खऱ्या कुस्तीकडे पाहा. अवश्य पाहू. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या कुस्तीत ठेकेदार नव्हता, निकाल ठरलेला नव्हता; आणि मानधनही नव्हते. जाण्याच्या खर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. परत आल्यावर खाशाबांची बैलगाड्यांनी मिरवणूक निघाली. मग त्यांनी काय केले? कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः लढले आणि त्या पैशातून गुरूचे घर सोडविले. ऑलिंपिकचे पदक ज्याच्या गळ्यात, त्यालाही कर्ज फेडावयास इनामाच्याच फडात उतरावे लागले! पुढे १९५५ साली ते पोलिसात फौजदार म्हणून लागले. १९८४ साली रस्त्यावरील अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

तात्पर्य, राजाश्रय गेल्यावर मल्लापुढे दोन दारे होती. एका दारात पैसा होता, पण मान संशयाचा. दुसऱ्या दारात मान होता, पण ताटात काय वाढावयाचे हा प्रश्न. या दुसऱ्या दाराची व्यवस्था लावण्याचे काम मामासाहेब मोहोळ यांनी १९५३ साली कुस्तीगीर परिषद स्थापून हाती घेतले. १९६१ साली औरंगाबादला झालेल्या अधिवेशनात दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, ही आपल्या मराठवाड्याला अभिमानाची गोष्ट. १९६९ साली लातूरला हा मान आपल्याच रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी मिळविला आणि पुढल्याच वर्षी एडिंबरोला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेतले. पुढे ते पुण्यात वस्ताद झाले, आणि त्यांचा पट्ठा, बीड जिल्ह्यातला राहुल आवारे, याने २०१८ साली त्याच राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणले. हे दार अजून उघडे आहे, कारण येथे वस्तादामागे पट्ठा उभा राहिला. वरळीच्या दाराला हा क्रम लाभला नाही. तेथला मोठा मल्ल चित्रपटात गेला. त्याच्यामागे तालीम उभी नव्हती, नुसते तिकीटघर होते. दारासिंगांनी १९८३ साली निवृत्ती घेतली तेव्हा तो खेळ आधीच ओसरला होता.

एक गोष्ट येथे मुद्दाम सांगतो. अमेरिकेत एक कुस्ती-कंपनी २००१ साली बुडाली, तेव्हा तिच्या प्रतिस्पर्ध्याने तिच्या नावाबरोबर तिची सगळी चित्रणेही विकत घेतली, आणि पुढे तिच्या उदयास्ताचा चित्रपट त्यानेच काढला. जिंकलेल्याने हरलेल्याचा इतिहास लिहिला. आपल्याकडे तेवढेही झाले नाही. वरळीची चित्रणे कोणी विकत घेतली नाहीत, कारण ती जपण्याची व्यवस्थाच नव्हती. म्हणून माहितीपट करणाऱ्यांना सिनेमाचे तुकडे जोडावे लागले. हा दोष त्यांचा आहेच. पण थोडा आमचाही आहे, हे कबूल केले पाहिजे. माजघराच्या भिंतीला चिकटविलेले ते जाहिरातींचे कागद आम्ही पोरांनीच एका दसऱ्याला सारवणाच्या वेळी खरडून काढून टाकले. ज्या चुलत्यांना विचारता आले असते त्यांना, ते हयात होते तोवर, आम्ही काही विचारले नाही.

आजोबांच्या फडाच्या वह्यांपैकी दोन उरल्या आहेत; बाकीच्या वाळवीने खाल्ल्या. माहितीपट पाहिल्यानंतर आम्ही त्या काढून पाहिल्या. शाई फिकट झाली आहे, पण चौथा रकाना वाचता येतो. कोणाला दोन रुपये, कोणाला एक पायली ज्वारी, कोणाला नुसता फेटा. जिंकलेल्यांची नावे गावात अजून कोणी कोणी सांगतात. पडलेल्यांची नावे मात्र फक्त त्या वहीत आहेत.

या पंचक्रोशीतल्या आणखी किती घरांत अशा वह्या असतील! तालमीच्या फळीवर, देवस्थानच्या पेटीत, जुन्या पंचांच्या नातवंडांकडे त्या पडून असतील. व्याख्यानमालेच्या चालकांना आमची विनंती आहे की, पुढच्या वसंतापर्यंत त्या मागवाव्यात, त्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत आणि मूळ वह्या ज्यांच्या त्यांना परत कराव्यात. आमच्या दोन वह्या आम्ही आज पिशवीत घालून आणल्या आहेत. व्याख्यान संपल्यावर त्या येथे मेजावर ठेवतो. ज्यांना आपल्या आजा-पणज्याचे नाव शोधावयाचे असेल त्यांनी अवश्य पाहावे.